एक पळी, मग दुसरी

पळी परातीवर आपटल्याचा आवाज आला आणि मी उठून बसलो. सकाळचे सहा वाजले असतील. जानेवारीतली कराडची थंडी, त्यात आमचं घर नदीच्या अंगाला, पांघरुणातून नाक बाहेर काढवत नव्हतं. तरी उठलोच, कारण तसला आवाज आमच्या घरात बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. शालनची पळी परातीला लागत नसे.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बघितलं. शेगडीवर परात होती, परातीत हलवा होता, आणि माझी बायको डाव्या हातानं स्वतःचाच उजवा हात धरून बसली होती. पाकाची सगळी वाटी परातीत सांडली होती. दोन दिवस जपत आणलेला हलवा पाकात भिजून त्याचा गोळा झाला होता.

“झोपा तुम्ही,” ती मागं न बघता म्हणाली. “काही झालं नाही.”

“दिसतंय की मला, काय झालं नाही ते.”

“दिसतंय तर मग विचारू नका.”

ज्यांना हलव्याचे दागिने माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात आणि पांढऱ्याशुभ्र हलव्याच्या दागिन्यांनी मढवतात. हलवा म्हणजे तिळावर नाहीतर साबुदाण्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवून केलेला काटेरी दाणा. निखारा अगदी मंद ठेवायचा, पाक पळीनं घालायचा आणि बोटांनी दाणे हलवत बसायचं. एक पळी जिरली की मगच दुसरी. हे रोज पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, असे तीन-चार दिवस. तेव्हा कुठं दाण्याला काटा धरतो. मग एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवून हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा करायचा. शालन हे माहेरच्या शेजारणीकडून, आपटेकाकूंकडून शिकली होती. आमच्या पेठेतल्या निम्म्या सुना तिच्या हातचे दागिने घालून पाटावर बसलेल्या.

आणि त्या वर्षी आमच्या वैजूची पहिली संक्रांत होती. आमची एकुलती एक पोर, मार्गशीर्षात लग्न होऊन इस्लामपूरला गेलेली. दागिने खरं तर सासरच्यांनी करायचे असतात. पण विहीणबाईंनी लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं, “आमच्या सुनेचे दागिने तुमच्याच हातचे पाहिजेत बरं का. घरात एवढी कला असताना मी बाजारातून आणले तर लोक मला नावं ठेवतील.” शालन हसून हो म्हणाली. त्या वेळी तिचा उजवा हात पदराखाली होता. सगळं लग्न तिनं तो हात पदराखाली ठेवूनच पार पाडलं.

वैशाखात पहिल्यांदा तिचा अंगठा थरथरायला लागला. मी त्याच महिन्यात रिटायर झालो होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, कागदावर सही करायला लावली, आणि कंपवात म्हणून सांगितलं. मी त्यांना विचारलं, “मग यात काय बदलावं लागंल?” तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस मी. गाडी आत आली की काय बिघडलंय ते शोधायचं, पार्ट काढायचा, नवा घालायचा, गाडी बाहेर. डॉक्टर म्हणाले, “खराडेसाहेब, यात बदलायचं काही नाही. हे बरं होत नाही. सांभाळायचं असतं.” मला त्या माणसाचा इतका राग आला की मी परत येताना गाडीत एक शब्द बोललो नाही.

शालनच बोलली, कासेगाव मागं पडल्यावर. “वैजूला सांगायचं नाही. लग्न ठरलंय. आईचं दुखणं डोक्यात घेऊन तिनं सासरचा उंबरा ओलांडायला नको. संक्रांत होऊ दे, मग सांगू.”

तर त्या सकाळी संक्रांत आठ दिवसांवर आली होती आणि परातीत गोळा होता.

“पुण्याहून मागवू,” मी म्हणालो. “तिकडं दुकानात तयार मिळतात. कुणाला कळणार आहे?”

तिनं गोळा परातीतून काढला. काढताना हात इतका हलत होता की परात वाजत होती. म्हणाली, “बावीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना केले. माझ्या लेकीला दुकानातले घालू?”

“मग काय करतेस?”

“पुन्हा घालते,” ती म्हणाली, आणि तिळाचा डबा काढायला उठली.

मला ते बघवलं नाही. माझा स्वभावच तसा, समोर काही बिघडलेलं असलं की मला गप बसता येत नाही. मी शर्ट चढवला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. जुन्या कूलरची मोटर होती. वैजूच्या लहानपणच्या सायकलची चेन नि चाकं होती. एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. दोन दिवस मी तिथंच होतो, जेवणसुद्धा शेडमध्ये मागवून घेतलं. पातेलं तिरकं बसवलं, चेननं फिरवलं, मोटरचा वेग कमी केला, खाली विजेची शेगडी लावली आणि वर सलाइनच्या नळीतून पाकाचा थेंब थेंब. तिला हातच लावायला नको. तिनं खुर्चीत बसायचं आणि बघायचं. असं करताना मी शीळ वाजवत होतो. वैशाखापासून मला असं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताटभर हलवा तिच्या पुढ्यात ठेवला. पांढरास्वच्छ, एकसारखा, दाण्याला दाणा जुळत होता. फक्त काटा नव्हता. सगळे दाणे गुळगुळीत, औषधाच्या गोळ्यांसारखे.

शालननं एक दाणा उचलला, तोंडात टाकला, चघळला. “गोड आहे,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. ताट बाजूला सरकवलं आणि पुन्हा परातीकडं वळली. परातीत तिनं घातलेला दुसरा घाणा होता आणि तोसुद्धा अर्धा चिकटला होता. मी उभाच राहिलो. तिनं नावं ठेवली असती, हसली असती, तरी चाललं असतं.

चिकटलेले दाणे सुटे करत ती म्हणाली, “रागावू नका. यंत्राला वाट बघता येत नाही. ते आपलं फिरत राहतं.”

“मग मी काय करू सांग. नुसता बसून तुझ्या हाताकडं बघू?”

“इथं बसा,” ती म्हणाली आणि पाटावर सरकून जागा केली. “माझा हात गेला तर गेला. तुमचे दोन आहेत की.”

तेव्हा मी साठीचा होतो आणि आयुष्यात कधी परातीपुढं बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो. ती शेजारी. तिनं पाक कसा हवा ते सांगितलं, निखाऱ्यावर राख कशी ओढायची ते सांगितलं. मी पळी घातली आणि हलवायला लागलो.

“चोळू नका.”

“चोळत नाही.”

“चोळताय. नटबोल्ट नाही तो. तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल लावतात ना, तसा हात फिरवा.”

“मी कधी लावलंय तेल?”

“ते आहेच म्हणा,” ती म्हणाली.

माझ्या बोटांना डिझेलनं आणि पान्यांनी इतके घट्टे पडले होते की परातीचा चटका मला कळतच नव्हता. आणि चटका कळत नव्हता तसा दाणाही कळत नव्हता. मी दर मिनिटाला घड्याळाकडं बघत होतो. एक पळी झाली की लगेच दुसरी. शालन म्हणायची थांबा, अजून जिरली नाही. मी म्हणायचो जिरली की. असं दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कुठं बारीक काटा दिसायला लागला, आणि त्या आनंदात मी हात जोरात फिरवला. काटा सगळा मोडला. परातीत दाणे खाली आणि साखरेचा भुगा वर.

“मोडला,” शालन हळूच म्हणाली.

आणि मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, “तुझा हात गेला म्हणून आता माझा झिजवायला निघालीस काय? एका दिवसाच्या दागिन्यांपायी घरात सुतक असल्यासारखं झालंय. मला नाही जमणार ही बायकी कामं.”

ती भिंतीला धरून उठली आणि मागच्या दारानं गेली.

मी परातीपुढं बसून राहिलो. निखारा विझत आला. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेच्या वर राग होता, आणि रागाच्या वर नुसती भीती होती, ते आज कबूल करतो. एवढ्या गाड्या दुरुस्त केल्या, घाटात बंद पडलेल्या, अपघातात चेपलेल्या. आणि घरात एक अंगठा हलायला लागला तो माझ्याच्यानं थांबवता येत नव्हता. थोड्या वेळानं बाहेर गेलो. ती मागच्या पायरीवर बसली होती. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, हलू नये म्हणून. मी पलीकडं बसलो.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“मला तुमचा राग नाही आला.”

“मग उठून का आलीस?”

“भीती वाटते मला.” ती नदीकडं बघत होती. “तुम्हाला थांबता येत नाही हो. कशातच नाही. जेवताना नाही, रस्त्यानं चालताना नाही. आणि पुढं ते लागणार आहे.”

“पुढं म्हणजे?”

“चला,” ती म्हणाली. “नवीन तीळ घालू. अजून चार दिवस आहेत.”

मी तिला हात देऊन उठवलं. पुढं काय लागणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

नवा घाणा घातला. त्या दिवशी ती म्हणाली, “घड्याळ काढून ठेवा. घड्याळावर नाही होत हे.”

“मग तुला कसं कळतं कधी पळी घालायची?”

ती जरा लाजली. बावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. म्हणाली, “मी दर पळीला एका पोरीचं नाव घेते. आतापर्यंत जिला जिला दागिने केले तिचं. नाव घेतलं की तिचा चेहरा समोर येतो. कुठं असंल, बरं चाललं असंल ना तिचं, एवढं मनात येतं. तेवढ्यात पाक जिरतो.”

“देवाचं नाव नाही घेत?”

“आपटेकाकू घ्यायच्या. मला देवाची नावं घेताना झोप यायची. पोरींची घेतली की जाग राहते.” मग म्हणाली, “माझं देवाचं हेच. देवळात उभं राहून मला कधी असं वाटलं नाही, जे इथं परातीपुढं वाटतं.”

मी विचार केला. मला कुणाची नावं आठवणार? मला गाड्यांचे नंबर आठवतात आणि रस्ते आठवतात. म्हणालो, “मी थांबे घेऊ का? चिपळूणच्या रस्त्याचे?”

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. “घ्या की. पण एक लक्षात ठेवा, थांब्यावर गाडी थांबली पाहिजे. माणसं उतरू द्या, चढू द्या. मग घंटी.”

मी पळी घातली. “मल्हारपेठ.” बोटं फिरवत राहिलो. मल्हारपेठेतलं स्टँड आठवलं, तिथला चहावाला आठवला, एकदा रात्रभर गाडीखाली झोपलो होतो ते आठवलं. पाक जिरला. “नवा रस्ता.” मग पाटण. मग कोयनानगर, तिथलं धुकं, ब्रेक तापल्याचा वास. मग कुंभार्ली घाट, तो उतरायला चांगल्या चार पळ्या लागल्या. मग पोफळी. मग चिपळूण. तिथं जरा थांबून परत फिरायचं, पोफळी, घाट, कोयनानगर. शालन शेजारी बसून ऐकायची. मधेच म्हणायची, “घाई केलीत. पाटणला म्हातारी चढत होती, तिला सोडून आलात.” मी गाडी मागं घ्यायचो.

“तीस वर्षं एसटीत काढलीत,” ती एकदा म्हणाली, “आणि मला एकदा चिपळूण दाखवलं नाही.”

“पास होता की. तूच यायची नाहीस.”

“बोलावलं कधी?”

“संक्रांत होऊ दे,” मी म्हणालो. “जाऊ.”

तिसऱ्या सकाळी चिपळूणहून परत येताना घाटात कुठंतरी काटा धरला. मला आधी बोटाला कळलं, डोळ्याला नंतर. पहिल्यांदा माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. मी हात काढून घेतला आणि तिच्याकडं बघितलं. तिनं परातीत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही, कारण पुसायला हात वर केला असता तर तो हलला असता.

मग दागिने बांधणं. दोरा ओवायला चष्मा लागायचा, गाठ मारायला माझी बोटं जाड पडायची. पहिले वीस-पंचवीस दाणे मी फोडले. शेवटी मला युक्ती सुचली. इंजिनच्या तारा बांधताना आम्ही जी गाठ मारायचो ती मी मारायला लागलो, आणि ती बसली. शालन म्हणाली, “सोडवू म्हटलं तरी सुटणार नाही ही.” हार झाला, बाजूबंद झाले, कंबरपट्टा झाला, बांगड्या झाल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी फक्त मंगळसूत्र राहिलं.

मी दोरा घेतला तर तिनं माझ्या हातातून काढून घेतला.

“हे मी बांधायचं.”

“शालन.”

“आपटेकाकूंची शिस्त आहे. मंगळसूत्र सवाशिणीनं एकटीनं बांधायचं. एका बैठकीत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, दोरा धरायलासुद्धा नाही. एवढ्या पोरींची मी तशीच बांधली.”

“पण तुझा हात...”

“म्हणून तर तुम्ही इथं बसा. बसा आणि हात लावू नका.”

ती दहा वाजता बसली. काळे मणी आणि अकरा दाणे होते, मधल्या वाट्यांचे दोन मोठे धरून. चांगल्या दिवसांत तिला त्याला पाऊण तास लागत असेल. पहिला दाणा गाठीत बसेपर्यंत अकरा वाजले. दोऱ्याचं टोक ती दातात धरायची, डाव्या हातानं दाणा धरायची, आणि उजव्या हातानं फास आणायला गेली की हात उडायचा. दाणा जायचा फरशीवर. मी वाकलो तर म्हणायची, “राहू द्या, दुसरा घेते.” फास बसला तर सैल बसायचा, मग त्यावर दुसरी गाठ, मग तिसरी. मी माझे दोन्ही तळवे मांडीखाली घेऊन बसलो होतो. ती पायरीवर बसली होती तसा. माझ्या समोर एक काम होतं, ते मला दहा मिनिटांत करता आलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. आयुष्यात तेवढं अवघड काम मी कधी केलं नाही.

दुपारी मी भात टाकून आणला. ती उठली नाही. एका बैठकीत म्हणजे एका बैठकीत. चार वाजता नववा दाणा झाला आणि दहावा तिच्या हातात फुटला. ती थांबली. तिनं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलले. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. मग ऐकू आलं, “वैजू.” ती तेवढं एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होती.

दिवेलागणीला मंगळसूत्र झालं. वाकडं होतं. एक वाटी वर, एक खाली. ती म्हणाली, “झालं.” आणि तशीच भिंतीला टेकली. मी जाऊन शेजारी बसलो आणि तिचा हात हातात घेतला. तो थांबवायचा म्हणून नाही घेतला. तो माझ्या हातात हलत राहिला आणि मी तो हलू दिला.

संक्रांतीला आम्ही इस्लामपूरला गेलो. वैजू काळ्या साडीत पाटावर बसलेली, अंगभर पांढरा हलवा. विहीणबाई येईल त्या बाईला हार दाखवत होत्या. “बघा, काटा बघा कसा आलाय. बाजारात मिळंल का असला?” शालन कोपऱ्यात खुर्चीवर, हात शालीत गुंडाळलेले. मला वाटलं, निभावलं.

बायकांची गर्दी कमी झाल्यावर वैजू उठून मागच्या अंगणात आली. मी नळावर पाय धूत होतो.

“अण्णा, हार कुणी बांधला?”

“आईनं.”

“आईची गाठ उजवीकडं वळते. मी लहानपणापासून बघतेय. ही डावीकडं वळलीय, आणि ही गाठ तुमची आहे. माझ्या सायकलच्या कॅरिअरला तुम्ही अशीच मारायचा.” तिनं गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. “हे आईनं बांधलंय. एका एका दाण्याला तीन तीन गाठी आहेत.” “कधीपासून, अण्णा?”

“वैशाखापासून,” मी म्हणालो. खोटं बोलायला मला काही सुचलंच नाही.

ती आत गेली. आईपुढं वाकली. शालननं तिळगूळ द्यायला हात शालीतून काढला, काढावाच लागला. हात हलायला लागला, वाटीतले तिळाचे लाडू खडखडले. वैजूनं आपल्या दोन्ही हातांची ओंजळ आईच्या हाताखाली धरली, आणि तशीच धरून ठेवली. लाडू एकेक करून ओंजळीत पडले. संध्याकाळी रिवाजाप्रमाणं दागिने मोडून पोरांना वाटले. मंगळसूत्र तेवढं वैजूनं मोडलं नाही. डब्यात घालून ठेवलं. दुसऱ्या पावसाळ्यात साखर विरघळली, आता तिच्याकडं नुसते काळे मणी आणि गाठी आहेत.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. चिपळूणला जायचं राहिलं. त्या उन्हाळ्यात तिचा पाय जड झाला, मग दुसरा. मग बोलणं बारीक होत गेलं. शेवटची चार वर्षं शालन अंथरुणावर होती आणि तिला गिळताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी पातळ पेज चमच्यानं भरवायला सांगितली. पहिल्या दिवशी नर्सनं भरवली, भराभर, आणि शालन निळी पडेपर्यंत खोकली. मी नर्सच्या हातून वाटी घेतली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. घड्याळ काढून ठेवलं. एक चमचा तिच्या ओठाला लावला आणि म्हणालो, “मल्हारपेठ.” तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काही उमटायचं नाही, दुखण्यानं चेहराही थांबवला होता. पण डोळे हसले. मी वाट बघितली. गिळल्याचं गळ्याला दिसलं. मग दुसरा चमचा. “नवा रस्ता.” मग पाटण. घाटात चार चमचे. घाई झाली तर ती तोंड उघडत नसे, मी गाडी मागं घ्यायचो. तेव्हा मला कळलं की तिनं त्या थंडीत मला हलवा शिकवला नव्हता. पुढं काय येणार ते तिला मिरजेच्या दवाखान्यातून बाहेर पडतानाच दिसलं असणार, आणि मला थांबता येत नाही हेही तिला माहीत होतं. तिच्याकडं आठ दिवस होते आणि लेकीचे दागिने होते. तेवढ्यात तिनं मला तयार केलं.

चार वर्षं मी तिला रोज दोन वेळा चिपळूणला नेऊन आणलं.

शेवटच्या दिवशी सकाळी पेज घेऊन बसलो. वैजू आदल्या रात्रीच इस्लामपूरहून आली होती. मल्हारपेठ झालं, पाटण झालं, कोयनानगरला ती बराच वेळ थांबली, मी थांबलो. घाट हळूहळू उतरलो. पोफळीचा चमचा तिनं घेतला, गिळला. मी पुढचा चमचा भरला आणि ओठाशी नेला. ओठ उघडले नाहीत. मला वाटलं माझी घाई झाली. मी हात मागं घेतला आणि वाट बघत बसलो. पेज गार झाली तरी बसलो होतो, वैजू येऊन माझ्या खांद्याला हात लावेपर्यंत.